मचाणावरचा होकार

चितळाला नेमका कुठून बाण लागला की ते कमीत कमी यातनेत मरतं, हे मी एका माणसाला शिकवलं. मी जनावरांची डॉक्टर आहे. शिक्षण नागपूरला झालं, लग्नानंतर मस्कतला आले. नवरा गाला नावाच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे, मुलगी इंडियन स्कूलमध्ये चौथीत, आणि राहायला आम्ही माबेलाला. मी एका छोट्या दवाखान्यात काम करते. बहुतेक मांजरं आणि पोपट असतात, आणि महिन्यातून दोनदा बातिनाच्या किनाऱ्यावरच्या शेतांची फेरी. त्या फेरीत सहम गावाजवळचं एक शेत होतं.

पुढे खजुरी आणि लिंबाची बाग, आणि मागे उंच जाळीच्या कुंपणात पाच-सहा एकर मोकळी जमीन. तिथे चितळं होती. मालकाच्या वडिलांनी हौसेनं चार-पाच जोड्या आणल्या होत्या. ते वारले, आणि चितळं वाढत गेली. मालक पन्नाशीचा, शांत माणूस. तरुणपणी शिकायला थंड मुलुखात होता, तिथे धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकला होता. हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलायचा. शेतावर सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. तो मला दोक्तोरा म्हणायचा.

चितळांची राखण एक चाचा करायचे. रायगडचे, मुरुडजवळच्या एका गावातले. वीस वर्षं त्याच कुंपणाशेजारच्या खोलीत राहत होते. पहिल्या भेटीत मी हिंदीत सुरुवात केली, तर म्हणाले, "मराठी बोल गो बाय, किती दिवस झालं मराठी बाई बघून."

त्यांनीच मला विहिरीचं पाणी चाखायला दिलं. ओठ खारट झाले.

"समुद्र आत येतोय, बाय. आधी लिंबा सुकली. आता गवत नाय उगवत. ही पितात, पण पोट भरत नाय त्यांचा."

खरंच. बरगड्या मोजता येत होत्या. त्या वर्षी झालेली बहुतेक पिल्लं आठवड्याच्या आत मेली होती. टँकरचं गोडं पाणी येत होतं, पण ते जेमतेम निम्म्या जनावरांना पुरेल इतकं. मी अर्बाबला स्पष्ट सांगितलं, "अर्धी कमी करा. नाहीतर सगळी जातील."

आधी आम्ही ती पकडून दुसऱ्या शेतावर द्यायचं ठरवलं. एका सकाळी जाळी लावून दोन माद्या धरल्या. मी बेशुद्धीचं औषध अगदी कमी दिलं, डोळ्यांवर फडकं बांधलं, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मेल्या. पकडल्याच्या भीतीने त्यांचे स्नायू आतून नासतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. मला हे माहीत होतं, तरी करून बघितलं. चाचा मेलेल्या मादीच्या पायाशी बसून म्हणाले, "ह्यांना हात लावायचा नाय, बाय. हात लावला की मरतात."

बंदूक शक्य नव्हती, कारण कुंपणाला लागून घरं होती. औषधाचं इंजेक्शन देऊन मारलं तर मांस खाता येत नाही, आणि जनावर मारून फेकून देणं अर्बाबला पाप वाटायचं. मग एके दिवशी त्याने कपाटातून आपलं धनुष्य काढून माझ्यासमोर ठेवलं. दोन्ही टोकांना चाकं असलेलं काळं यंत्रच ते.

मी नाही म्हणाले. म्हणाले, हे डॉक्टरचं काम नाही.

"मग डॉक्टरचं काम काय?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. "तहानेने मरताना बघणं?"

रीतसर परवानगी यायला दोन महिने लागले. तेवढ्या वेळात तयारी झाली. कुंपणाच्या आत घाफचं एक जुनं झाड होतं. इथे ज्याला घाफ म्हणतात ती आपली शमी. त्याच्या फांद्यांवर, जमिनीपासून पंधरा फुटांवर, चाचांनी फळ्यांचं मचाण बांधलं. वरून बाण मारला की वास खाली पोचत नाही, जनावर वर बघत नाही, आणि बाण चुकला तरी जमिनीत घुसतो. पण वरून मारण्यात एक धोका असतो, आणि तोच मला अर्बाबला समजावायचा होता.

मी खोक्याचा पुठ्ठा कापून चितळाच्या छातीएवढी पेटी केली. आत दोन फुगे शेजारीशेजारी बांधले. हे डावं फुप्फुस, हे उजवं. पेटी जमिनीवर वेगवेगळ्या कोनांत ठेवायची आणि अर्बाबने मचाणावरून बाण मारायचे. पेटी आडवी असली, म्हणजे जनावर पूर्ण कुशीने उभं असलं, की दोन्ही फुगे फुटायचे. तोंड थोडं पलीकडे वळवून उभं असलं, तर बाण मागच्या बरगड्यांतून शिरून पुढे छातीत जायचा, तेव्हाही दोन्ही फुटायचे. पण पेटी झाडाच्या अगदी बुंध्याशी ठेवली की बाण सरळ खाली जायचा आणि एकच फुटायचा.

"एका फुप्फुसावर ते दोन दिवस जगेल," मी सांगितलं. "बुंध्याशी आलं तर मारायचं नाही. दूर जाऊ द्यायचं."

"आणि समोरून?"

"समोरून कधीच नाही. तुमच्याकडे थोडंसं जरी वळलेलं असलं तरी नाही. खांद्याचं हाड आडवं येतं, आणि त्याच्या मागे मारलात तर बाण छातीतून निसटून पोटात जातो. बाण कुठे लागतो हे बघू नका. कुठून बाहेर पडेल ते बघा."

हे त्याला त्याच्या शिकवणाऱ्यानेही सांगितलं होतं. तरी तो शाळेतल्या मुलासारखा ऐकायचा. पुढचा पाय पुढे टाकलेला असला की बरगड्या उघड्या पडतात. मान वर करून सावध उभं असेल तर थांबायचं, कारण दोरीचा आवाज झाला की ते खाली दबतं आणि वळतं. मागे दुसरं उभं असेल तर थांबायचं. थोडक्यात, बहुतेक वेळा थांबायचंच.

मी फक्त खालीच शिकवणार होते. पण तो म्हणाला, "धनुष्य ओढलं की मला एक ठिपका तेवढा दिसतो, दोक्तोरा. अख्खं जनावर तू बघ. तू सांगितल्याशिवाय मी बाण सोडणार नाही."

खूण ठरली. तो बाण रोखून धरेल, आणि कोन बरोबर असेल तर मी त्याच्या कोपराला बोट लावेन. बोट लागलं नाही, तर नाही.

थंडी सुरू झाली तशी मी गुरुवारी संध्याकाळी सहमला जाऊ लागले. अर्बाबच्या आईच्या घरी झोपायची, आणि शुक्रवार-शनिवार, सुट्टीच्या दिवशी, पहाटेच्या नमाजनंतर आम्ही मचाणावर चढायचो. कमरेला पट्टा, पट्टा खोडाला. पहिल्या दोन माद्या मी सांगितल्याबरहुकूम गेल्या. बाण आरपार, तीसेक पावलं धावून त्या कोसळल्या, मी दहा आकडे मोजायच्या आत. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त. चाचांनी मांस आसपासच्या घरांत वाटलं. मी परत येताना गाडीत रडले नाही, उलट मला हायसं वाटलं. काम नीट होतंय असं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी एकही बाण सुटला नाही. कोन जुळलाच नाही. शनिवारी माझ्या मुलीचा कार्यक्रम होता. मस्कतमधल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात ती पहिल्यांदाच चार वाक्यं मराठीतून बोलणार होती. घरी ती इंग्रजीतच बोलते, मराठी अडखळत येते. महिनाभर मी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कार्यक्रम दहाला. सातला निघाले असते तर आरामात पोचले असते.

त्या पहाटे धुकं होतं. मी सतत घड्याळ बघत होते. साडेसहाला एक म्हातारी मादी चाऱ्याकडे आली. कानाला चीर असलेली, कमी करायच्या जनावरांच्या आमच्या यादीत होती. तिच्यामागे कोणी नव्हतं. अंतर अठरा-वीस पावलं. अर्बाबने धनुष्य ओढलं.

ती पूर्ण आडवी नव्हती. तिची छाती आमच्याकडे थोडी वळलेली होती, आणि आमच्या बाजूचा पुढचा पाय मागे होता. पलीकडच्या रस्त्यावर एक पिकअप गेला, त्या आवाजाने तिने मान वर केली होती. हे सगळं मी पाहिलं. नंतर मी स्वतःला सांगून पाहिलं की धुक्यामुळे नीट दिसलं नाही. पण मला दिसलं होतं. मी त्या एका क्षणात मनात म्हणाले, फार नाही वळलेली, चालेल. आणि त्याच्या कोपराला बोट लावलं.

"बिस्मिल्ला," तो पुटपुटला आणि दोरी सुटली.

नीट लागलेल्या बाणाचा आवाज कापड फाटल्यासारखा येतो. हा भरलेल्या पखालीवर बुक्की मारल्यासारखा आला. मादी उधळली नाही. तिने पाठीला बाक दिला, चार पावलं चालली, थांबली. अर्बाबने दुसरा बाण लावला, पण तेवढ्यात बाकीची जनावरं मध्ये आली, आणि ती त्यांच्यामधून हळूहळू चालत टोकाच्या बाभळींच्या दाटीत शिरली. पाठीचा तो बाक म्हणजे काय, दोघांनाही ठाऊक होतं.

खाली उतरून बाण पाहिला. हिरवट चिकट, रक्त थोडंसं, आणि चारा आंबल्याचा वास. पोटातून गेला होता.

"आत्ताच्या आत्ता जाऊ," अर्बाब म्हणाला. "जिवंत असेल तर सुरी फिरवली पाहिजे. अशी ठेवायची नाही."

"आत्ता गेलो तर ती उठून पळेल. कळप जाळीवर जाऊन आपटेल. दोन-चार आणखी माना मोडून घेतील." मला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, सरळ, डॉक्टरी. "तिला बसू द्यायला हवं. चार तास."

"चार तास?"

"ती बसेल, अंग थंड पडत जाईल, मग जवळ जाता येईल."

त्याने चाचांकडे पाहिलं. चाचा जमिनीकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "बाय बोलते ते बरोबर हाय, अर्बाब." आणि आम्ही थांबलो.

चाचांच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. धुकं गेलं, ऊन आलं. चाचांनी चहा केला. कुणी पिऊन संपवला नाही. तासाभराने ते कुंपणाच्या बाहेरून लांबचा वळसा घालून बाभळींच्या मागे गेले आणि परत आले.

"बसलेय. मान वर हाय."

अर्बाबने हातातला शिकारीचा मोजा काढला, परत घातला, परत काढला. "माझा हात हलला," तो म्हणाला. "सोडताना हात हलला, दोक्तोरा. वय झालं."

मी म्हणायला हवं होतं की तुमचा हात हलला नाही. "होतं कधीकधी," एवढंच म्हणाले. हे वाक्य मला आजही माझ्या तोंडात तसंच आठवतं.

दुसऱ्या तासानंतर चाचा पुन्हा जाऊन आले. "मान वर हाय."

नऊला नवऱ्याचा फोन आला. "निघालीस ना?" मी सांगितलं, जमणार नाही. "अगं, ती दारात तयार होऊन उभी आहे. काय सांगू तिला?" "सांग, एक जनावर आजारी आहे." ते खोटंही नव्हतं. दहा वाजून वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला की झालं तिचं, एका ठिकाणी अडकली, पण बोलली. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

तेव्हाच चाचा तिसऱ्यांदा परत आले. यावेळी ते बसले नाहीत.

"बाय, अजून मान वर हाय. दात चावते, आवाज येतो इथवर. बस झाला आता."

चार तासांना थोडा वेळ बाकी होता. मी मान हलवली.

ते एकटेच गेले. आम्हाला कुंपणाबाहेर थांबायला सांगितलं. वाऱ्याच्या उलट्या बाजूने, शेवटची काही पावलं उकिडवे बसत ते पुढे सरकले. मादीने उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय टेकले, मागचे उठले नाहीत. चाचांनी खांद्यावरचं फडकं तिच्या डोळ्यांवर टाकलं आणि मान मांडीवर घेतली. वीस वर्षांत जिवंत चितळाला त्यांनी स्वतःहून कधी हात लावला नव्हता. मग सुरी. त्यांच्या तोंडचे बिस्मिल्लाचे शब्द आम्हाला स्पष्ट ऐकू आले, आणि मग पाय झाडल्याचा आवाज, बराच वेळ.

ती मेल्यावर मी आत गेले आणि तिला उघडलं. डॉक्टर म्हणून तेवढं करायलाच हवं होतं. डाव्या खांद्याच्या मागून बाण शिरला होता, छाती-पोटामधला पडदा फाडून यकृताची कड कापत कोठ्यातून उजव्या मागच्या मांडीपुढे बाहेर पडला होता. फुप्फुसं दोन्ही धड होती, गुलाबी. पोटातला आंबलेला चारा सगळीकडे पसरला होता.

चाचांनी जखमेत बोट घालून दिशा पाहिली. "ही तर समोर बघत होती, बाय," ते हळू म्हणाले.

अर्बाब माझ्या मागेच उभा होता. आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी उठले. हात कोपरापर्यंत भरलेले होते.

"तुमचा हात हलला नव्हता," मी म्हणाले. "बाण तुम्ही बरोबर मारलात. कोन चुकीचा होता, आणि मला तो दिसत होता. मला घरी जायची घाई होती."

त्याने वाकून ती जखम पाहिली. मग म्हणाला, "मलाही दिसत होता."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"ठिपका दिसतो म्हणालो, पण तेवढं दिसतंच. मी तुझ्या नाही म्हणण्याची वाट बघत होतो. तू बोट लावलंस, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, दोक्तोरा हो म्हणाली, आता माझ्यावर नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्यासाठीच तुला वर बसवलं होतं बहुतेक."

मांसाचं काय करायचं, असं चाचांनी विचारलं. घाण लागली होती, आणि चार तास ती तापाने फणफणत पडली होती. मी सांगितलं, हे कुणाला देता येणार नाही. मांस वाया जाऊ नये म्हणून आम्ही धनुष्य निवडलं होतं. त्या दुपारी तिघांनी मिळून बाभळींच्या मागे खड्डा खणला आणि तिला पुरलं. अर्बाबने फावडं शेवटपर्यंत हातातून सोडलं नाही.

घरी पोचले तेव्हा मुलगी नव्या परकर-पोलक्यातच झोपली होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आई, ते सिक ॲनिमल बरं झालं?" मी म्हणाले, नाही, मेलं. "का?" मी तिला खरं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत. की मी घाईत चुकीचं सांगितलं. तिने विचारलं, "माझ्यामुळे?" तो प्रश्न मला आधी सुचला नव्हता. मी तिला जवळ घेऊन नाही, नाही म्हणत राहिले, पण तिचं समाधान झालं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर तिने त्या कार्यक्रमाचा विषय परत काढला नाही.

नवरा म्हणाला, सोडून दे ते शेत. मी दोन आठवडे गेले नाही. मग चाचांचा फोन आला की आणखी दोन पिल्लं मेली, पाण्याशीच. मी परत गेले.

खूण आम्ही बदलली. आता बोट लावायचं ते नाही म्हणण्यासाठी. मारायचं की नाही, हे त्याने ठरवायचं, आणि मी फक्त अडवायचं. आणि ज्याला त्या दिवशी कुठे जायचं असेल त्याने मचाणावर चढायचं नाही. कितीतरी पहाटे आम्ही नुसते बसून खाली उतरलो. मी बोट लावलं की तो मुकाट्याने दोरी सैल करायचा. एकदा सगळं बरोबर असूनही दोरीच्या आवाजाला एक नर दबला आणि बाण वर लागला. तो मिनिटा-दोन मिनिटांत मेला, पण ती मिनिटं मी मोजली. त्यात कुणाची चूक नव्हती, आणि तरी जेवण गेलं नाही.

मार्चपर्यंत कळप निम्मा झाला. उरलेल्यांना गोडं पाणी पुरायला लागलं, अंगावर चकाकी आली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तीन पिल्लं झाली आणि तिन्ही जगली. चाचांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी हलका होता. मला आनंद झाला, आणि लगेच मी हिशेब करायला लागले की यांतल्या माद्या कधी मोठ्या होतील.

त्या मोसमातल्या शेवटच्या फेरीला अर्बाबने विचारलं, मचाण काढून टाकू का. फळ्या उन्हाने वाकल्या होत्या. मी झाडाखाली उभी राहून वर पाहिलं. म्हटलं, फळ्या बदला, पण मचाण राहू द्या. पुढच्या थंडीत परत चढावं लागेल.

"इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं पाण्याचा हौद बघायला गेलो.